उद्यानातील जनरेटरची वार्षिक देखभाल सेवा : एक अभिप्राय

जळगाव जिल्ह्यातील आमच्या नगरपालिकेच्या उद्यानात दिवे, बोअरचा पंप आणि कारंजे यांच्यासाठी ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर बसविलेला असून त्याची देखभाल निविदेद्वारे एका ठेकेदाराकडे दिलेली आहे. कराराची प्रत माहितीच्या अधिकारात मिळाल्यामुळे हा अभिप्राय अटी आणि प्रत्यक्ष काम या दोहोंवर देता येतो.

मेकॅनिकविषयी तक्रार नाही. तो ठरलेल्या दिवशी येतो, ऑइलची पातळी व बॅटरीचे पाणी पाहतो, टर्मिनलवर साचलेला पांढरट थर घासून काढून ग्रीस लावतो आणि फिल्टर बदलल्यास त्यावर मार्करने तारीख लिहितो. खोट आहे ती करारात. भेटीच्या अहवालावर पर्यवेक्षकाची सही झाली की बिल निघते. लोडवर, म्हणजे दिवे-पंप प्रत्यक्ष जोडून, चाचणी घेण्याची अटच नाही, आणि डिझेल नगरपालिकेचे असल्याने ते जाळून चाचणी घेण्याची कोणाला निकडही वाटत नाही. त्यामुळे सकाळच्या गारव्यात, लोड न देता, पाच मिनिटे इंजिन चालवून ‘चालू स्थितीत’ असा शेरा पडतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना सायंकाळी वीज गेली, तेव्हा हेच यंत्र स्टार्टर लागताच सुरू झाले आणि कारंज्याची मोटर लोडवर येऊन काही मिनिटे उलटताच तापमान वाढून बंद पडले. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कडुनिंबाचा वाळलेला मोहोर इतका घट्ट बसला होता की पलीकडचा पंखा दिसत नव्हता. जाळीची सफाई करारात ‘आवश्यकतेनुसार’ आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही आवश्यकता ठरविण्यासाठी कोणाची वाट पाहायची, हे मात्र लिहिलेले नाही.

लोडशिवाय चालविण्याचा तोटा एवढ्यावर थांबत नाही. डिझेल इंजिन पुरेसे तापले नाही तर इंधन अर्धवट जळून सायलेन्सरमध्ये ओलसर काजळी साचते. म्हणूनच चाचणीच्या वेळी किमान ३० टक्के लोड द्यावा असे जाणकार सांगतात. इंजिन किती तास चालले ते दाखविणाऱ्या तासमापकाचा आकडा फारसा सरकत नसल्याने ऑइल बदलण्याचेही राहून जाते, वास्तविक तास किंवा मुदत यांपैकी जे आधी भरेल त्यानुसार ते बदलावयाचे असते.

दराच्या मानाने मेकॅनिकचे काम चांगले, पण करार या स्वरूपात पुन्हा देऊ नये, असे माझे मत आहे. पुढील निविदेत महिन्यातून एकदा सायंकाळी, प्रत्यक्ष दिवे व पंप जोडून अर्धा तास चाचणी, तिची तासमापकासह नोंद आणि मार्च ते मे दरम्यान दर पंधरवड्याला जाळीची सफाई या अटी घालून बिल त्यांच्याशी जोडावे. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या प्रदूषण निकषांचा नवा जनरेटर घेतल्यास त्याच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे ज्ञान असलेला माणूसही लागेल.

तूर्तास वीज गेल्यावर कारंजे बंद ठेवून केवळ दिवे आणि पंप जनरेटरवर घेतले जातात, आणि तेवढ्या लोडवर तो तग धरतो.