नायट्रसची बाटली की रिमॅप? नागपुरात गाडी चालवणाऱ्यासाठी

टर्बो पेट्रोल हॅचबॅक वर्षभर चालवली आणि 'अजून थोडी ओढ हवी' असं वाटायला लागलं, की मित्रांत दोन तट पडतात. एक म्हणतो नायट्रस बसव (बाटलीतला नायट्रस ऑक्साइड इंजिनात सोडायचा, जादा ऑक्सिजनवर जादा पेट्रोल जळतं), कमी पैशांत जास्त दम. दुसरा म्हणतो ईसीयू रिमॅप कर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदल, आणि विषय संपव. माझ्या आधीच्या गाडीत बाटली होती, आताच्या गाडीत रिमॅप आहे. तेव्हा दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

नायट्रसचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६. शिवाय हा द्रव उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार करूनच पुढे जातो. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा भाग) तापला की रिमॅप केलेली गाडी सुस्तावते, ईसीयू स्वतःहून टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो. नायट्रसवाला तेव्हा हसत पुढे जातो. बटण दाबल्यावर पाठ सीटला चिकटते ती मजा रिमॅपमध्ये नाही, हे मान्यच.

पण ती मजा बाटलीत असते, आणि बाटलीला नागपूरचं ऊन सोसत नाही.

बाटलीतला दाब तापमानावर चालतो. २० अंशांना तो ७३५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास असतो. बहुतेक किटचे जेट (नायट्रस आणि पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) ९०० ते १,००० पीएसआय धरून निवडलेले असतात. डिसेंबरात सकाळी पारा १० अंशांवर असेल तर दाब ६०० च्याही खाली. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, गाडी अडखळते, बाटलीला हीटर लावावा लागतो. उन्हाळ्यात उलटं. ३६.४ अंशांच्या पुढे नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, आणि मग दाब किती चढेल हे बाटली किती भरली आहे त्यावर ठरतं. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत, तेही सावलीतले. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिक्कीचा अंदाज तुम्हीच करा.

दाब फार चढला तर बाटलीची सेफ्टी डिस्क फुटते, साधारण ३,००० पीएसआयला. फुटणं हेच तिचं काम. पण हॅचबॅकमध्ये डिक्की आणि केबिन यांच्यात भिंत नसते. सगळी बाटली काही क्षणांत आत मोकळी झाली तर समोर पांढरा ढग, अंगाला भाजणारी थंडी आणि श्वासाला ऑक्सिजन नाही. म्हणून अमेरिकेत ड्रॅग रेसिंग चालवणारी एनएचआरए सांगते की बाटली ड्रायव्हरच्या कप्प्यात असेल तर डिस्कमधून निघणारा गॅस गाडीबाहेर सोडणारी नळी हवी. आपल्याकडे मी पाहिलेल्या गाड्यांत ही नळी क्वचितच दिसली.

तरी खरं सांगायचं तर मला भीतीने नाही, कटकटीने फिरवलं. एप्रिल लागला की गाडी उन्हात लावायची म्हणजे बाटली काढायची. सीताबर्डीला काम निघालं तर आधी सावलीतली पार्किंग शोधा. नाही मिळाली (मिळत नाहीच) तर व्हॉल्व्ह बंद करा, पाइप सोडा, ब्रॅकेट उघडा आणि दहा-अकरा किलोचं धूड काखेत घेऊन बँकेत जा. जोड उघडला की त्यात धूळ, ग्रीस, हाताचं तेल जाऊ न देण्याची खबरदारी वेगळी, कारण दाबाखालच्या ऑक्सिडायझरला (जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या वायूला) तेल चालत नाही. घरी नेली तर आई विचारणार, "हे काय आणलं बाप्पा?" सिलिंडर आहे म्हटलं की पुढचे प्रश्न. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) तर बाटली घरीच राहायची आणि किट नुसतं शोभेला. वर्षाचे तीन महिने जी वस्तू गाडीत ठेवता येत नाही ती गाडीची म्हणायची की कपाटाची?

भरून आणणं हा आणखी एक फेरा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह स्फोटकांच्या मुख्य नियंत्रकांनी मंजूर केलेला असल्याशिवाय त्यात गॅस भरता येत नाही. मुख्य नियंत्रक बसतात पेसोत (स्फोटकं आणि सिलिंडरवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था), आणि पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर. अमेरिकन शिक्क्याची बाटली घेऊन गेलात तर गॅसवाला परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. हो, भरलेला सिलिंडर दुचाकीवरून न्यायलाही त्याच नियमांत मनाई आहे, तेव्हा अॅक्टिव्हाच्या फूटबोर्डाचा विचार सोडा.

आता आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "सीएनजीचा सिलिंडर चालतो, मग हा का नाही?" असं विचारणारे भेटतात. सीएनजीचं किट मंजूर असतं, सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते, आरसीवर नोंद चढते. नायट्रसला त्या आरसीत रकानाच नाही.

रिमॅप याबाबतीत धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणणार नाही. उत्सर्जन बदलतं, वॉरंटी बहुधा जाते, विमा कंपनीला न सांगता केला तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. करणाऱ्याने हे धरूनच करावं. पण दाबाखालचा गॅस सोबत वागवायचा नाही, म्हणजे सिलिंडरचा कायदा तरी मागे लागत नाही, आणि जुनी फाइल टाकून गाडी मूळ रूपात आणता येते.

वापराचं म्हणाल तर समृद्धीवर मर्यादाच १२० ची. तिथे दहा सेकंदांचा झटका कुठे वापरणार? अमरावती रोडवर दोन ट्रक ओलांडताना मधल्या आरपीएमला जो जोर लागतो तो रिमॅप रोज देतो, बटण न दाबता, गेज न बघता. माझ्या पाठीला तरी तो फरक पुरेसा वाटतो.

गाडी ट्रेलरवर घालून फक्त धावपट्टीवरच्या स्पर्धेला नेणार असाल तर मात्र नायट्रसला तोड नाही. तिथे मी आजही बाटलीच घेईन, हिवाळ्यात. रोजच्या गाडीसाठी रिमॅपकडे जाणार असाल तर ट्यूनरला एक अट घाला: चाचणी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एसी चालू ठेवून. जानेवारीतल्या सकाळी सगळेच रिमॅप छान वाटतात.