सुप्याचा माळ की भिगवणचा काठ?

थंडीतला एकच रविवार मोकळा आहे, पुण्याहून निघायचंय आणि उघड्या रानातले पक्षी पाहायचेत. मग निवड दोन वाटांत: बारामती तालुक्यातली सुप्याभोवतीची जिराईत रानं, किंवा उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेली भिगवण-कुंभारगावची बागायत. सुपं साधारण ७० किलोमीटर, भिगवण १०० च्या आसपास. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि पहिले दोन तासच खरे, म्हणून हे जादा ३० किलोमीटर झोपेतून वजा होतात.

पायी फिरायचं असेल तर आमचं मत सरळ सुप्याला. शाळूची (रब्बी ज्वारीची) रानं, मध्ये पडीक, पुढे कुसळी गवताचा माळ, आणि या सगळ्यावरून फिरणारा भोवत्या हा शिकारी पक्षी. दोन-तीन मीटर उंचीवरून पंख उथळ द्रोणासारखे वर धरून तो तरंगत येतो. टोळ किंवा उंदीर दिसला की गर्रकन वळून गवतात उतरतो. राखाडी नराच्या पंखावर आडवी काळी पट्टी असेल तर तो माँटेग्यूचा भोवत्या. फक्त टोकाला काळी पाचर असेल तर फिकट भोवत्या. माद्या मात्र भल्याभल्यांना चकवतात. वहीत 'भोवत्या, मादी' लिहून पुढे चालावं.

बांधावरच्या बाभळीवर खाटीक पक्षी, शाळूच्या ताटाच्या शेंड्यावर गप्पीदास. धाविक हा जमिनीवर पळणारा पक्षी उंच गवतात शोधू नये. मेंढरांनी चरून बोडकी केलेली जमीन त्याला लागते. डोंबारी चंडोल नांगरटीत ढेकळासारखा बसतो, उडाल्यावरच कळतो. शाळू दाण्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात. तेव्हा राखणदार गोफण घेऊन माळ्यावर असतो, त्यामुळे आधी हाक मारून विचारावं आणि मगच बांधावर पाय ठेवावा. पिकातून कधीच जाऊ नये.

इथला खरा वैताग कुसळांचा. लोकरी मोजे घातले तर अर्ध्या तासात घोट्याभोवती सुया टोचतात. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली सोडावी. धनगरांच्या वाड्याला लांबून वळसा घालावा, तिथली कुत्री राखणीची असतात. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतला पक्षी वितळल्यासारखा दिसतो.

भिगवणला पक्षी मोठे, संख्येने भरपूर आणि ओळखायला सोपे. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) पहाटे पाण्यावरून उठून हरभऱ्या-गव्हात चरायला येतात. नुकतं पाणी दिलेल्या रानात शराटी, बगळे, पिवळे धोबी. पण चालणं अडतं: पुरुषभर उसाआड काही दिसत नाही, भिजलेली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, आणि बिबट्यामुळे अंधारात उसाच्या कडेने पायी जाणं शहाणपणाचं नाही. शेवटी माणूस होडीतच बसतो. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर तेच बरं. रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) जात असाल तर धरणाची पातळी आधी विचारा. धरण तुडुंब असलं की चिखलपट्टी उघडी पडत नाही, आणि डिसेंबरात गेलेले बरेच जण इथेच फसतात.

सुप्याला ८×४२, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते, कारण चालून धाप लागलेली असताना १० पटीत चित्र हलतं. भिगवणला तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप हवाच. आणि सुप्याला गाडी रानाच्या पूर्वेच्या टोकाला लावा: सकाळी पश्चिमेकडे चालताना ऊन पाठीवर राहतं आणि भोवत्याच्या पंखावरची ती पट्टी दिसते.