सौर बंबातलं पाणी उकळू नये म्हणून: कोकणातल्या घराला काय सोयीचं?

१०० लिटरच्या सौर बंबात स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाणी साधारण ३० ते ३५ अंशांनी चढतं. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर रात्री त्यातले थोडेच अंश उतरतात. म्हणजे दोन दिवस नळ सोडला नाही, की तिसऱ्या दुपारी पाणी उकळीला येतं. कोकणात हे सारखं घडतं. चाकरमानी शिमगा उरकून मुंबईला परतले की घर बंद, होमस्टेच्या खोल्या सोमवार ते गुरुवार रिकाम्या, आणि माणसं असली तरी एप्रिल-मेमध्ये कढत पाण्याने आंघोळ कोण करतो? म्हणून बंब निवडताना आधी बघायचं ते घर वर्षातून किती दिवस उघडं असतं.

ट्यूबवाला की फ्लॅट प्लेट?

दुकानदार बहुतेक वेळा ट्यूबवाला (ईटीसी) दाखवतो, कारण तो स्वस्त पडतो. पण काचेच्या दोन नळ्यांमधल्या निर्वात पोकळीमुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही. टाकीत ९० अंश झाले तरी ट्यूब उष्णता गोळा करतच राहते. फ्लॅट प्लेटमधली तांब्याची पत्री तापली की काचेतून उष्णता बाहेर जाऊ लागते, त्यामुळे उकळीच्या जवळ तिचा वेग आपोआप मंदावतो. पाणी संपून ट्यूब कोरडी तापली तर आत २०० अंशांच्या वर जाते आणि त्यात गार पाणी शिरलं की काच तडकते. तांब्याला तडा जाण्याची भीती नाही. शिवाय बंब माडांच्या जवळ असेल तर एक सुकलेली झावळीही दोन-चार ट्यूब फोडू शकते. फ्लॅट प्लेटची टफन्ड काच त्या मानाने टिकते.

फ्लॅट प्लेटला किंमत सुमारे दीडपट किंवा त्याहून जास्त पडते, आणि खाऱ्या हवेत फ्रेमचे साधे स्क्रू गंजतात, ते स्टेनलेसचेच मागावेत. तरीही बंद राहणाऱ्या घराला आम्ही फ्लॅट प्लेटच सुचवू. बारमाही राहत्या घराला ट्यूबवाला पुरेसा आहे, फक्त माणशी २५ लिटर धरून घ्यावा. जादा हवं असेल तर टाकी मोठी घ्या, कलेक्टर (ऊन गोळा करणारा ट्यूब किंवा पॅनेलचा भाग) नको. १५० लिटरच्या टाकीला २ चौरस मीटरचं एकच पॅनेल जोडलं तर तीच उष्णता जास्त पाण्यात वाटली जाते.

टाकीच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. पाणी उकळून वाफ जाते, मीठ मागे राहतं, आणि ६० अंशांच्या वर त्या मिठातलं क्लोराइड ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला वेल्डपाशी चिरा पाडतं. पाणी मचूळ असेल तर ३१६ एल प्रतीची स्टेनलेस टाकी, नाहीतर आतून काचेचा थर दिलेली (ग्लास-लाइन्ड) आणि गंज स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची दांडी असलेली टाकी घ्या. ती दांडी दरवर्षी तपासायची.

उष्णता अडवायची की बाहेर सोडायची?

अडवणं कधीही स्वस्त. पहिला उपाय स्टँडच्या कोनाचा. रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे, मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेकडे तोंड करून १७ अंशांऐवजी ४५ अंशांचा उतार दिला, तर मे महिन्यात भर दुपारी कलेक्टरवर पडणारं थेट ऊन सुमारे पाव भागाने घटतं आणि डिसेंबरात थोडं वाढतं. हे बसवतानाच सांगायला हवं. उभा स्टँड वारा जास्त धरतो. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ आठवा. पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्टने बांधा, विटा ठेवून भागत नाही.

दुसरा उपाय ७५ टक्क्यांची शेडनेट. उरलेल्या उन्हाची उष्णता टाकीतून रोज होणाऱ्या उष्णतेच्या गळतीत खर्च होते, म्हणून पाणी गरम राहतं पण उकळत नाही. ताडपत्री ऊन पूर्ण अडवते, पण वाऱ्यात शिडासारखी फुगते, नेटमधून वारा आरपार जातो. दोरी स्टँडला बांधा, ट्यूबला नाही. होमस्टेवाल्यांना अर्ध्याच ट्यूब झाकूनही काम भागतं, आणि त्याला माडाच्या झावळ्यांची झापंसुद्धा चालतात, कारण ट्यूबची बाहेरची काच फारशी तापत नाही.

प्रेशरवाल्या बंबाला टीपीआर व्हॉल्व्ह (तापमान किंवा दाब फार वाढला की आपोआप उघडणारी झडप) असतो, तो ९९ अंशांच्या आसपास उघडून गरम पाणी बाहेर फेकतो. तो सुरक्षेसाठी हवाच, पण रोजचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नये. विहीर तळाला गेलेली असताना ते पाणी वाया जातं. पंप आणि कंट्रोलरची ड्रेनबॅक पद्धत तांत्रिकदृष्ट्या उत्तम, टाकी ८० अंशांवर पोचली की पंप थांबतो आणि पॅनेल रिकामं होतं. पण एका घरासाठी ती महाग पडते, मोठ्या रिसॉर्टला परवडेल.

साध्या, विनाप्रेशर बंबाची सगळी भिस्त एअर व्हेंटवर, म्हणजे टाकीतली हवा-वाफ ये-जा करू देणाऱ्या उघड्या पाइपावर. त्याचं तोंड वरच्या गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच हवं. या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर करते. व्हेंट बुजला की गार होताना आत पोकळी तयार होऊन पत्र्याची टाकी चक्क आत चेपते. तोंडाला स्टेनलेसची बारीक जाळी लावा. टाकीलगतचा पाइप यूपीव्हीसीचा (गार पाण्याच्या साध्या प्लास्टिकचा) नको, तो ६० अंशांच्या वर मऊ पडतो. गरम पाण्यासाठीचं प्लास्टिक, सीपीव्हीसीसुद्धा, ९३ अंशांपर्यंतच टिकतं, म्हणून पहिले दोन मीटर तांबं किंवा जीआय (जस्त चढवलेलं लोखंड).

घर बंद करताना नेट बांधा, वरची टाकी भरून ठेवा आणि बंबाकडे येणारा गार पाण्याचा कॉक उघडाच राहू द्या, म्हणजे वाफेने घटलेलं पाणी भरून निघेल. वरची टाकी रिकामी पडणार असेल तर बंब पूर्ण रिकामा करून ट्यूब दुहेरी नेटने झाका. परत आल्यावर दुपारी घाईने कॉक सोडू नका. पहाटे, ऊन पडण्याआधी पाणी भरा, व्हेंटमधून हवा निघाल्याची आणि गरम नळाला अखंड धार आल्याची खात्री करा, मगच नेट सोडा.