एबबुक्स : स्वाक्षरीची प्रत शोधणाऱ्याच्या नजरेतून

गेली सहा वर्षे मी १९४५ ते १९६५ या काळातील अमेरिकन कवितासंग्रहांच्या पहिल्या आणि शक्यतो कवीची स्वाक्षरी असलेल्या प्रती जमवतो आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एबबुक्स या संकेतस्थळावरून घेतलेल्या आहेत. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात सुरू झालेले आणि २००८ पासून अ‍ॅमेझॉनच्या मालकीचे असलेले हे संकेतस्थळ म्हणजे एक दुकान नव्हे, तर देशोदेशींच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी आपापला माल मांडलेला बाजार आहे. त्याचे गुण आणि दोष दोन्ही यातूनच येतात.

शोधाची सोय खरोखर उत्तम आहे. ‘पहिली आवृत्ती’, ‘स्वाक्षरी’ आणि ‘वेष्टणासह’ या तीन चौकटींवर खूण केली की एरवी शहरोशहरीची दुकाने पालथी घालूनही न सापडणारी ग्वेंडोलिन ब्रुक्स किंवा जॉन अ‍ॅशबेरी यांची पुस्तके किमतीच्या क्रमाने समोर येतात.

मात्र या खुणा विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवर चालतात, आणि तेथेच नवखा फसतो. ‘पहिली आवृत्ती’ म्हणून मांडलेली प्रत पहिल्या मुद्रणाची असेलच असे नाही. आपल्याकडे प्रत्येक पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण चटकन समजेल. अ‍ॅलन गिन्सबर्ग यांचे ‘हाऊल’ घ्या. १९५६ मध्ये सिटी लाइट्स या प्रकाशनसंस्थेने पंचाहत्तर सेंटला विकलेल्या या छोट्या पुस्तकाच्या पहिल्या मुद्रणात अर्पणपत्रिकेत गिन्सबर्ग यांचे मित्र लुशियन कार यांचे नाव आहे. त्यांच्याच इच्छेवरून ते पुढच्या मुद्रणांतून वगळले गेले. पुढची मुद्रणेही दिसायला तशीच काळी-पांढरी असल्याने, अर्पणपत्रिकेच्या पानाचे छायाचित्र मागवल्याशिवाय पैसे भरू नयेत. रॉबर्ट लोवेल यांच्या ‘लाइफ स्टडीज’चा पेच वेगळा आहे. १९५९ मध्ये लंडनच्या फेबरची आवृत्ती अमेरिकन आवृत्तीच्या आधी निघाली, पण तीत ‘९१ रिव्हियर स्ट्रीट’ हा गद्य भाग नाही. काळाने पहिली हवी की मजकुराने पूर्ण हवी, हे संग्राहकाने आधी स्वतःशी ठरवावे. मी अमेरिकन घेतली.

स्वाक्षरीच्या चौकटीवर तर माझा फारसा विश्वासच उरलेला नाही. सिल्व्हिया प्लाथ फेब्रुवारी १९६३ मध्ये गेल्या आणि ‘एरियल’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे त्या पुस्तकावर त्यांची सही असणे शक्यच नाही. तरीही ती चौकट केवळ ‘सही आहे’ एवढेच सांगते. ती सही १९६६ च्या अमेरिकन आवृत्तीला प्रस्तावना लिहिणाऱ्या लोवेल यांची असू शकते. एकदा एका विक्रेत्याकडून मागवलेल्या प्रतीत सही होती खरी, पण ती दुसरीकडून कापून आणलेल्या कागदाच्या तुकड्यावर, शीर्षकपानावर चिकटवलेली होती, आणि वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. मी छायाचित्रांसह तक्रार केली, प्रत परत पाठवली आणि पैसे पूर्ण मिळाले. परतीची ही व्यवस्था ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या मुद्द्यावर चालते, म्हणून विक्रेत्याचे मूळ वर्णन खरेदीच्या दिवशीच जतन करून ठेवावे.

सहीसोबत येणाऱ्या छापील ‘प्रमाणपत्रां’ना मी किंमत देत नाही. प्रत कोणाकडून कोणाकडे आली याचा माग आणि विक्रेत्याची लेखी हमी मला अधिक मोलाची वाटते. अमेरिकेतील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची संघटना १९४९ पासून आहे. विक्रेता तिचा सभासद असेल तर मी थोडे जास्त पैसे मोजतो. बरेचदा तोच विक्रेता आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर हीच प्रत थोडी स्वस्त देतो, कारण तेथे त्याला दलाली द्यावी लागत नाही. म्हणून माझा हल्लीचा क्रम असा : शोध एबबुक्सवर, आणि पुढची चौकशी विक्रेत्याला थेट पत्र लिहून.