नवा राउटर लावून आठ महिने: मोजून पाहिलेला अनुभव

नवा राउटर लावून आठ महिने होत आले. पहिल्याच आठवड्यात अनुभव लिहायला बसले होते, पण राहून गेलं आणि ते बरंच झालं. तेव्हा जे कौतुक लिहिणार होते त्यातलं बरंचसं राउटरचं नव्हतं, हे नंतर मोजल्यावर कळलं.

आमचं घर लांबट, एकामागे एक खोल्या असलेलं. इंटरनेट कंपनीने दिलेला वाय-फायचा डबा मुख्य दारापाशी, फायबरची तार आत येते तिथेच, लोखंडी कपाटामागे होता. सगळ्यात आतली खोली आईची. तिचा मामाशी रोज व्हिडिओ कॉल असतो आणि दर दोन मिनिटांनी मामाचा चेहरा पडद्यावर गोठायचा. "अगं, तुझं ते नेट परत गेलं बघ," अशी हाक यायची. मधल्या खोलीत मी ऑफिसचं काम करते. तिथेही संध्याकाळच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. प्लॅन खाली (डाउनलोड) २०० आणि वर (अपलोड) ४० एमबीपीएसचा, आणि स्पीड टेस्ट केली की आकडा पुरेपूर यायचा. म्हणून दुखणं नेमकं कुठे आहे तेच कळत नव्हतं.

घेतला तो वाय-फाय ६ चा, एएक्स३००० प्रकारचा, दोन बँडचा (लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणारा) राउटर. खोक्यावरच्या ३००० या आकड्याने मीही आधी गोंधळले होते. २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ५७४ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झ बँडचे २४०२ यांची बेरीज करून, ती वर गोल करून हा आकडा येतो. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. शिवाय २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल (बँडमधला एक तुकडा) लागतो. बहुतेक फोन ८० वर चालतात, म्हणजे जोडणी १२०१ ची, आणि त्यातलाही निम्मा ते दोन तृतीयांश वेग प्रत्यक्षात हाती येतो. २०० च्या प्लॅनला तो भरपूर झाला. त्यामुळे आकडा आणि अँटेनांची संख्या सोडून मी तीनच गोष्टी पाहिल्या: सगळे पोर्ट (केबल जोडायच्या खाचा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत ना, डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) आहे ना, आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवायचं मोफत सॉफ्टवेअर) बसतं ना. पोर्टचं आवर्जून बघा. काही स्वस्त ड्युअल बँड राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. मग वाय-फाय कितीही वेगवान असो, ९४-९५ च्या पुढे काटा सरकत नाही.

जोडणीला अर्धा दिवस गेला, तो कंपनीच्या डब्यामुळे. तो तसाच ठेवून त्याच्या पुढे नवा राउटर लावला तर घरातल्या उपकरणांच्या नेटवर्क-पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं आणि बाहेरून घरात जोडणी करायची असेल तर अडतं. म्हणून जुना डबा ब्रिज मोडवर (तो फक्त लाइन पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून घेतला आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरलं. तरी लाइन उठेना, कारण व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या लाइनवर इंटरनेटची वाट ओळखायचा आकडा) कुणी सांगितलाच नव्हता. या तिन्ही गोष्टी आधीच लिहून मागा आणि जुन्या डब्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. घरचा लँडलाइन त्याच डब्यातून चालत असेल, तर ब्रिज मोडनंतर तो चालू राहील का हेही विचारून घ्या.

आता जागेविषयी, कारण सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला. दारापासून मधल्या खोलीपर्यंत १५ मीटर केबल टाकून राउटर उंच, मोकळ्या फळीवर ठेवायचं ठरवलं होतं. पण केबल आधी आली आणि राउटर दोन दिवस उशिरा. तेवढ्यात मी जुनाच डबा त्या नव्या जागी ठेवून आईच्या खोलीत फोनवर सिग्नल मोजला. दारापाशी असताना उणे ७८ डेसिबल-मिलिवॅट यायचा, तो उणे ६७ झाला (शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). नवा राउटर आल्यावर त्याच जागी उणे ६४. एकूण १४ डेसिबलची सुधारणा, आणि त्यातले ११ फक्त जागेचे! दर ३ डेसिबलला सिग्नलची शक्ती दुप्पट होते, म्हणजे १४ ला जवळपास २५ पट. लोखंडी कपाट, सळयांच्या भिंती, मोठा आरसा, पाण्याची टाकी या सगळ्यांतून लहरी जाताना क्षीण होतात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या तर जास्तच. राउटर विकत घ्यायच्या आधी आहे तो डबा घराच्या मध्यावर ठेवून बघा. कदाचित खर्च वाचेल.

त्या केबलने मात्र नऊ दिवस छळलं. वेग बरोबर ९४ वर अडकलेला. मी राउटरला दोष देत राहिले, दोनदा रीसेटही केला. शेवटी पोर्टची माहिती उघडली तर जोडणीच १०० ची दिसली. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एका टोकाचा प्लग नीट दाबला गेला नव्हता. प्लग बदलल्यावर लगेच २०० आले.

आईचा कॉल सुधारला, माझ्या मीटिंगांचं रडगाणं मात्र चालूच होतं. एकदा मुलीने फोन चार्जिंगला लावला आणि त्याच क्षणी माझा आवाज तुटला. तिचे फोटो आपोआप क्लाउडवर चढायला लागले होते. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजला: एरवी ९ मिलिसेकंद, फोटो चढताना ४०० च्या वर. वर जाणारी लाइन भरली की पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) टाकून न देता मोठ्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) रांगेत उभी केली जातात, आणि माझ्या आवाजाची चिमुकली पॅकेट त्या फोटोंच्या मागे ताटकळतात. याला बफरब्लोट म्हणतात. नुसता वेग दाखवणाऱ्या टेस्टमध्ये हे दिसतच नाही. लाइन भरलेली असताना पिंग किती वाढतो, ते बघावं लागतं.

राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय) होतं, पण त्यात फक्त एखाद्या उपकरणाला प्राधान्य देता यायचं. त्याने काही सुधारलं नाही. तिसऱ्या महिन्यात हिंमत करून ओपनडब्ल्यूआरटी बसवलं. मॉडेलचं नाव सारखं असूनही आतलं हार्डवेअर वेगळं असू शकतं, म्हणून खालच्या चिकटपट्टीवरचा व्हर्शन क्रमांक तीनदा तपासला आणि सगळं काम तारेने जोडून केलं. मग त्यातल्या एसक्यूएममध्ये (रांग आटोक्यात ठेवायच्या सोयीत) केक ही पद्धत निवडून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवली: खाली १८०, वर ३६. रांग आता कंपनीच्या उपकरणात न लागता माझ्या राउटरमध्ये लागते आणि तो प्रत्येकाला पाळीपाळीने सोडतो. फोटो चढत असतानाही पिंग २५ च्या आत. दहा टक्के वेग दिला, त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. गेल्या पाच महिन्यांत मीटिंगमध्ये "आवाज तुटतोय" असं कुणी म्हणालेलं नाही. फक्त हे काम प्रोसेसरवर पडतं. माझ्या २०० च्या लाइनला तो पुरतो, गिगाबिटच्या लाइनला हाच राउटर कमी पडेल.

हौसेने १६० मेगाहर्ट्झही लावून पाहिलं. वेगाचा आकडा सुंदर आला, पण अधूनमधून ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्कच गायब व्हायचं. इतका रुंद चॅनेल रडारच्या वापरातल्या पट्ट्यात शिरतो. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते आणि अशा चॅनेलवर पुन्हा सुरू होण्याआधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो. ८० वर, चॅनेल ३६ ला परतले. २.४ वर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर न चढणारे. मी चॅनेल ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली आहे.

सुरक्षेचं थोडक्यात: डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय, बंद (तिच्या पिनमधली कमजोरी २०११ पासून जाहीर आहे), बाहेरून राउटर चालवायची सोय बंद, फोन-लॅपटॉपना डब्ल्यूपीए३. दोन जुने स्मार्ट प्लग त्यावर जोडलेच जाईनात, त्यांना वेगळं डब्ल्यूपीए२ नेटवर्क दिलं, जिथून घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत पोहोचता येत नाही.

उणं राहिलं ते गच्चीचं. तिथे अजूनही सिग्नल उणे ७६ च्या आसपास मिळतो. बिनतारी मेश (एकमेकांना बिनतारी जोडलेले दोन-तीन डबे) घ्यायचा विचार होता, पण दोन बँडच्या मेशमध्ये एकच रेडिओ फोनशीही बोलतो आणि मुख्य राउटरशीही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा जिन्यातून आणखी एक केबल टाकते आहे. कपाटात पडलेला माझा आधीचा, जुन्या घरातला राउटर तिथे लावेन: डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद, नाव आणि पासवर्ड हेच, चॅनेल मात्र वेगळा. या वेळी प्लग दाबल्यावर आधी पोर्टवर १००० दिसतात का ते पाहणार आहे.