जीआर८६ की गोल्फ जीटीआय: एक हिवाळा आणि एक गणपती झाल्यावर

टोयोटाची दोन दारांची स्पोर्ट्स कार जीआर८६ घ्यायची की फोक्सवॅगनची पाच दारांची हॅचबॅक गोल्फ जीटीआय, हा विषय आमच्याकडे गेल्या वर्षी घटस्थापनेला सुरू झाला आणि दिवाळीपर्यंत चालला. शेवटी दारात जीटीआय आली. २०२३ चं मॉडेल, वापरलेली, सहा गिअरची मॅन्युअल. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा एक अख्खा हिवाळा, उन्हाळा आणि आता गणपती तिच्यासोबत पार पडलेत, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण निर्णय तिच्यावरच ठरतो. नवरा बसने गावातल्याच ओकलंड भागात कामावर जातो, म्हणून घरात गाडी एकच. लेक सात वर्षांची. आई-बाबा दर उन्हाळ्यात पुण्याहून येतात आणि चार-पाच महिने राहतात. गाडी चालवायची हौस घरात सगळ्यात जास्त मला, आणि मॅन्युअल गिअरशिवाय मला गाडी नकोच होती. अमेरिकेत अशा गाड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. माझदाची मियाटा दोन सीटची, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी बाद झाली. उरल्या या दोन.

जीआर८६ बद्दल हातचं राखून लिहायचं नाहीये, कारण ती गाडी विलक्षण आहे. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, टर्बो नाही, २२८ हॉर्सपॉवर, आणि वजन जेमतेम १२८० किलो. इंजिनाचे सिलिंडर आडवे असल्यामुळे सगळा भार खाली बसतो आणि वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटतच नाही. ताकद मागच्या चाकांना, आणि ती दोन चाकांमध्ये पकडीप्रमाणे वाटणारं टॉर्सेन डिफरन्शियल कंपनीकडूनच बसवलेलं. बेस मॉडेलला १७ इंची चाकांवर साधे, रोजच्या वापराचे प्रायमसी टायर येतात. काहींना ती काटकसर वाटते, मला तो शहाणपणा वाटला. टायरची पकड थोडी कमी असली की गाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरलाच तुमच्याशी बोलायला लागते. शेनली पार्कमधल्या सर्पेंटाइन ड्राइव्हवर मी ती ठरलेल्या वेगमर्यादेत चालवली आणि तेवढ्यातही पुढची चाकं नेमकी काय करतायत ते तळहाताला कळत होतं. गिअरचा दांडा आखूड, प्रत्येक गिअर खटकन बसतो. स्टेअरिंग, गिअर आणि बसायची जागा या तिन्ही बाबतीत ८६ सरस आहे. आज इतक्या महिन्यांनीही माझं मत तेच आहे.

कूपे, म्हणजे अशी दोन दारांची गाडी, म्हटलं की सगळे डिकीबद्दल बोलतात. ८६ ची डिकी पावणेदोनशे लिटरच्या आसपास, जीटीआयची पावणेचारशेच्या. आकडा दुप्पट दिसतो खरा, पण ८६ ची मागची सीट सपाट पाडली की आत चार टायर मावतात, महिन्याचा वाणसामान सहज मावतो. सामानाची अडचण एवढी मोठी नाहीच. अडचण माणसांची आहे. ८६ ला मागे दोन सीट आहेत, पण तिथे मोठं माणूस बसू शकत नाही. सात वर्षांची मुलगी बसते, तीही पुढच्या माणसाने गुडघे छातीशी घेतले तर.

आणि पुढची सीटसुद्धा सगळ्यांसाठी नाही. आई तेव्हा इथेच होती. शोरूममध्ये उभ्या असलेल्या ८६ मध्ये तिला बसवून बघितलं. दार लांबलचक, सीट घोट्यापेक्षा थोडीच वर. तिने आधी छताची कड धरली, मग पाठमोरी होऊन स्वतःला खाली सोडलं, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बाहेर येताना मी आणि बाबांनी मिळून तिला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "गाडी सुंदर आहे गं. पण मी घरीच थांबत जाईन, तुम्ही जाऊन येत जा." निकाल तिथे लागला. जिच्यामुळे आई घरी बसणार ती गाडी मला नको होती.

मग जीटीआयकडे नीट बघितलं, आणि तिची गोष्ट आमच्या गावाशीच जोडलेली निघाली. पहिली गोल्फ जीटीआय जर्मनीत १९७६ साली आली: १.६ लिटर, ११० हॉर्सपॉवर, वजन आठशे किलोच्या थोडं वर. घरच्या साध्या गाडीला चांगलं इंजिन आणि चांगलं सस्पेन्शन द्यायचं, बाकी तिला तशीच राहू द्यायचं, एवढीच कल्पना होती. आतली चौकड्यांची सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या डिझायनर बाईंची देणगी, आणि माझ्या गाडीत त्या दोन्ही गोष्टी अजून आहेत. अमेरिकेतली पहिली जीटीआय मात्र जर्मनीहून आली नव्हती. ती १९८३ चं मॉडेल म्हणून पिट्सबर्गच्या आग्नेयेला, वेस्टमोरलंड काउंटीत न्यू स्टँटनजवळच्या कारखान्यात तयार झाली. तो कारखाना १९८८ मध्ये बंद पडला, नंतर तिथे सोनीचे टीव्ही बनायचे. टर्नपाइकला, म्हणजे टोलच्या हायवेला, लागताना आम्ही त्या बाजूने जातो तेव्हा बाबा दर वेळी मान वळवून बघतात. आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात गेलेल्या माणसाला बंद कारखाना बघवत नाही.

आता वापराचं. पिट्सबर्ग म्हणजे चढ. बीचव्ह्यूमधला कँटन ॲव्हेन्यू ३७ टक्के चढाचा, आणि तो सोडला तरी आमच्या आजूबाजूच्या गल्ल्या काही कमी नाहीत. इथे जीटीआयचं टर्बो इंजिन कामाला येतं. ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, तोही अगदी खालच्या आरपीएमपासून. पाच माणसं बसलेली, समोर सिग्नल, सिग्नलपुढे लगेच चढ, अशा ठिकाणी दुसऱ्या गिअरमध्ये ती कुरकुर न करता वर जाते. ८६ चा टॉर्क २४९ आणि तो ३७०० आरपीएमला येतो. तिथे पहिला गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागतं. एकट्या माणसाला त्यातच मजा आहे, मागे झोपलेलं मूल असेल तर नाही. शून्यापासून ताशी शंभरला दोघींना सहा सेकंदांच्या आसपासच लागतात, तेव्हा या आकड्यावरून निवड करण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या चाकांना एवढी ताकद दिली की वळणावर गाडी बाहेर सरकणार, ही भीती मला होती. जीटीआयच्या पुढच्या ॲक्सलवर इलेक्ट्रॉनिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आहे. वळणात ॲक्सिलरेटर दिला की ते बाहेरच्या चाकाकडे जास्त जोर पाठवतं आणि गाडी आत ओढली जाते. पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा मी तोच घाट परत फिरून चालवला. ८६ मागून ढकलते, ही पुढून खेचते. सुख वेगळं आहे, पण सुखच आहे.

हिवाळ्यात दोन्ही गाड्यांना विंटर टायर लागतातच. बारमाही ऑल-सीझन टायरवर इथला जानेवारी काढू नये, मग गाडी कुठलीही असो. टायर बदलल्यावर ही बर्फात निवांत चालली. त्रास झाला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, खड्ड्यांचा. रस्त्यातलं पाणी गोठतं, वितळतं, परत गोठतं आणि डांबर उखडतं. १८ इंची चाकं आणि बारीक कडेचे टायर, त्यामुळे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. एका टायरला फुगा आला, तो बदलावा लागला. मी या गाडीला १९ इंची चाकं चुकूनही घेणार नाही.

न आवडलेलं स्पष्ट लिहिते. एसी आणि आवाजासाठी बटणांऐवजी टचची पट्टी आहे आणि माझ्या २०२३ च्या मॉडेलमध्ये त्या पट्टीला रात्री उजेड नाही. स्टेअरिंगवरची बटणंही टचची, तळहात लागला तरी चालू होतात. एवढ्या विचाराने बनवलेल्या गाडीत हे व्हायला नको होतं. गिअर बदलताना हाताला रबरी वाटतो, ८६ सारखा खटका नाही. क्लच दाबला तरी आरपीएम लगेच खाली उतरत नाही, त्यामुळे सफाईने गिअर बदलायला आधी सवय करावी लागते. इंजिनाचा आवाजही थोडा बनावट आहे. तो बंद करता येतो, मी केला. ८६ मध्येही स्पीकरमधून आवाज घालतात, म्हणून त्या बाबतीत कोणी कोणाला हसू नये.

ॲव्हरेज: अमेरिकी सरकारी आकड्यांप्रमाणे मॅन्युअल जीटीआय सरासरी लिटरला साधारण बारा किलोमीटर देते, मॅन्युअल ८६ साडेनवाच्या आत. त्यात ८६ ला प्रीमियम पेट्रोलच लागतं. मला हायवेवर सरकारी आकड्याइतकं मिळतं, गावात चढांमुळे कमी.

उन्हाळ्यात आई-बाबा आले आणि या गाडीचं खरं चीज झालं. आई मागच्या दारातून आधी बसते, मग पाय आत घेते. सीटची उंची तिला बरोबर पडते, कोणी हात द्यावा लागत नाही. पेन हिल्सच्या व्यंकटेश मंदिरात जायचं तर ती आता आधी तयार होऊन बसते. एका शनिवारी आम्ही पाचही जण लॉरेल हायलँड्सला गेलो. ३८१ नंबरचा रस्ता मिल रनवरून, फॉलिंगवॉटर या फ्रँक लॉइड राइटच्या प्रसिद्ध घराच्या दारावरून ओहायोपाइलला उतरतो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, वळणामागून वळण. बाबा पुढे बसले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात वेगात गाडी चालवली नाही, पण मी तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरून एक वळण नीट घेतलं की ते "छान" म्हणायचे. मागे लेक आणि आजी भेंड्या खेळत होत्या. ८६ असती तर या रस्त्यावर मी एकटी आले असते, आणि एकटीने येण्याइतका मोकळा शनिवार मला वर्षात फारसा मिळत नाही. जीटीआयमुळे चांगले रस्ते मला जास्त वेळा मिळाले, ते याच कारणाने.

गणपतीत तर गाडी सतत पळत होती. मंडळाची फोल्डिंग टेबलं, वरणाचं मोठं पातेलं, मोदकपात्र, मखराच्या पट्ट्या, सगळं सीट पाडून आत गेलं. घरची मूर्ती आणताना लेकीने ती मागच्या सीटवर मांडीत धरली आणि मी चढ-उतार जपून घेतले.

पुण्यातल्या मित्रमैत्रिणी विचारतात की तिकडे घ्यावी का. भारतात २०२५ मध्ये आली ती पूर्ण आयात केलेली, ५३ लाख एक्स-शोरूम, फक्त ऑटोमॅटिक. त्याआधी २०१६ मध्ये पोलो जीटीआय आली होती, तीही तीन दारांची. एवढ्या पैशात आणि आपल्या खड्ड्यांत मी ती घेऊ नका असंच सांगते.

अमेरिकेत असाल, घरात दुसरी गाडी असेल आणि म्हाताऱ्या माणसांची ने-आण तिच्यातून होत असेल, तर ८६ घ्या, बिनधास्त घ्या. मॅन्युअल जीटीआय हवी असेल तर इथे ती २०२४ च्या मॉडेलपर्यंतच मिळते, त्यापुढे फक्त ऑटोमॅटिक, म्हणजे वापरलेलीच शोधावी लागेल. बघायला जाताना चारही रिम्सच्या आतल्या कडा हात फिरवून तपासा, क्लच चढावर सोडून बघा, आणि एक चक्कर अंधार पडल्यावर मारा, म्हणजे त्या एसीच्या पट्टीसोबत आपलं जमेल की नाही ते कळेल.