म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मागच्या पायांना आधार देणारा हार्नेस (हँडल लावलेले पट्टे), पाच महिने वापरून लिहितेय

आमचा बंडू १३ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन सुरुवातीला ३१ किलो, आणि आम्ही राहतो डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. ज्यांच्या घरी मोठ्या जातीचा म्हातारा कुत्रा आहे त्यांना एवढ्यावरच पुढचं सगळं कळेल. जानेवारीच्या थंडीत एका सकाळी तो उठायला गेला आणि मागचे पाय लादीवर दोन बाजूंना सरकले, परत उठला, परत सरकले, आणि मग तो तसाच बसून बाबांकडे बघत राहिला. ओरडला नाही, काही नाही, नुसता बघत होता. बाबा रिटायर झाले त्याच वर्षी बंडू घरात आला, तेव्हापासून सकाळचा फेरफटका दोघांचा, त्यात आम्हाला कोणाला जागा नसते.

डॉक्टरांनी आधी त्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला आणि तो किती वेळात सरळ करतो ते बघितलं. त्याने लगेच केला. म्हणाले नस ठीक दिसतेय, दुखणं सांध्याचं आहे, आणि एक्सरेत जुनं हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आणि त्यावर चढलेला आर्थ्रायटिस निघाला, लॅबमध्ये हे खूप दिसतं म्हणे. हे आधी सांगतेय कारण हार्नेस हे औषध नाही. तुमच्या कुत्र्याचा पंजा उलटा पडत असेल, नखं घासून रक्त येत असेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं, त्यामुळे आधी दाखवा आणि मग ऑर्डर करा. आणि घरातली माणसांची पेनकिलर कृपा करून देऊ नका, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

डॉक्टर म्हणाले तोपर्यंत टॉवेल पोटाखालून घालून आधार द्या. टॉवेल आखूड पडला म्हणून आईने तिची जुनी सुती साडी चौपदरी करून झोळी शिवली, आणि खरं सांगते, पहिले दीड महिने आमचं सगळं त्या झोळीवर चाललं. फक्त ती पोटाकडे सरकायची, मूत्राशयावर दाब यायचा आणि तो जिन्यातच शू करायचा, मग इतका ओशाळायचा की खाली गेल्यावरही मान वर करायचा नाही. म्हणून शेवटी मार्चमध्ये हार्नेस मागवला.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हीच वस्तू ऑनलाइन चार-पाच नावांनी विकली जाते, फोटोसुद्धा तेच. आम्हाला १३५० रुपयांना पडला. रचना अशी की कमरेवरून एक रुंद पट्टा, दोन्ही मांड्यांना दोन वेगळे पट्टे, सगळीकडे बकल, आणि वर लांबी कमी-जास्त करता येणारं हँडल. मांड्यांचे पट्टे हाच सगळा फरक आहे, कारण वजन पोटावर न येता खुब्याखाली येतं. कुत्रा नर असेल तर मधला भाग मोकळा सोडलेलाच घ्या, नुसता पोटाला गुंडाळायचा पट्टा घेतलात तर तो दर वेळी भिजणार.

आमची चूक साइजमध्ये झाली. मी वजन बघून एम मागवला, तो मांडीला काचला, आणि परत करायची मुदत दोन दिवसांनी हुकली म्हणून विकणाऱ्यांनी घेतला नाही. वजनावर जाऊ नका, टेप घेऊन मागच्या पायांच्या अगदी पुढे कंबर मोजा आणि मांडीचा सगळ्यात जाड भाग मोजा, उभा असताना, बसलेला असताना नाही. एल बरोबर बसला.

पहिल्या दिवशी घातला तर बंडू खाली बसला तो उठेचना. दोन दिवस नुसता घालायचा, उकडलेलं अंडं द्यायचं, काढायचा. तिसऱ्या दिवशी बाबांनी हँडल धरलं आणि म्हणाले, चला बंडोपंत, आणि तो उठला. मी तिथेच उभी होते. जानेवारीपासून पहिल्यांदा तो एका झटक्यात उठला होता.

आता वापरायची पद्धत, कारण व्हिडिओत लोक कुत्र्याला मागून सरळ हवेत उचलतात ते चुकीचं आहे. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं, तुम्ही मागचं जास्त उचललंत की सगळा भार पुढच्या खांद्यांवर जातो आणि जिना उतरताना तर तो तोंडावरच जाईल. त्यामुळे हँडल फक्त ताणलेलं ठेवायचं, त्याचे पाय जमिनीला लागलेच पाहिजेत, चालायचं त्यानेच, तुम्ही थोडं वजन वाटून घ्यायचं. म्हणूनच ७४ वर्षांच्या बाबांना ते जमतं. एवढं वजन ते उचलू शकत नाहीत, त्यांचेच गुडघे दुखतात, पण एका हाताने कठडा आणि एका हाताने हँडल, असं दोघं एकेक पायरी उतरतात, मी एक पायरी पुढे बंडूच्या छातीला हात लावून. प्रत्येक मजल्यावर थांबतात, आणि दम नक्की कोणाला लागलाय ते मी विचारत नाही.

तक्रारी दोन आहेत. एक, जांघेतली शिवण कडक आहे, दुसऱ्या आठवड्यात तिथे लाल झालं, केस गेले. आईने कडेने मऊ फ्लॅनेल शिवलं तेव्हा थांबलं, पण एवढ्या किमतीत हे काम बनवणाऱ्यांनीच करायला हवं होतं. तोवर दिवसभर अंगावर ठेवू नका, फिरून आलं की काढायचा आणि जांघ बघायची. दुसरी, हा वाळत नाही. जुलैत धुतला की दोन दिवस पंख्याखाली, आणि ओला घातला की खाज सुटलीच म्हणून समजा, त्या दोन दिवसांत परत आईची झोळी.

आणि फक्त हार्नेसवर भागत नाही. घरात लादीवर सतरंज्या आणि रबरवाले मॅट टाकलेत, अगदी त्याच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत रस्ता केलाय, पंजाच्या गादीमधले केस दर पंधरा दिवसांनी कापतो म्हणजे घसरत नाही, आणि वजन ३१वरून २९वर आणलंय. हे न करता हार्नेस घेतलात तर पैसे वाया जातील असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्या एक काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अगं एवढं करायचं कशाला, मुकं जनावर ते, त्याचं झालं आता. वाईट हेतूने नाही म्हणाल्या, पण बाबांना लागलं. मी मध्यंतरी वाचलेलं त्या वेळी आठवलं, जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ साली एक कबर सापडली, १४ हजार वर्षांपूर्वीची, त्यात एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून कळलं की त्याला साडेचार-पाच महिन्यांचं असताना डिस्टेंपर झाला असावा, कुत्र्यांचा विषाणूचा आजार, ज्याची आपण आता लस देतो तोच, आणि तरी ते पुढे बरेच आठवडे जगलं. शिकारीला, राखणीला कशालाच उपयोग नसलेलं आजारी पिल्लू, कोणीतरी त्याला पुसलं असेल, भरवलं असेल, ऊब दिली असेल, त्याशिवाय ते जगलंच नसतं. काकूंना मी हे सांगितलं. आईने एवढंच सांगितलं की दत्ताच्या पायाशी चार उभे असतात, आमच्या पायाशी हा एक.

बंडूचे अजून किती दिवस, हे डॉक्टर दर महिन्याला बघतात. खातोय का, शेपूट हलतेय का, रात्री झोपतोय का. आत्ता तिन्हीचं उत्तर हो आहे. रोज सकाळी सहाला बाबा आणि तो बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन येतात, पूर्वी रेल्वे फाटकापर्यंत जायचे ते आता होत नाही.

एकूण मी पाचपैकी चार देईन, एक त्या शिवणीसाठी कापला. आणि तो एम साइजचा एकदाच घातलेला हार्नेस धुऊन ठेवलाय, कंबर आणि मांडी मोजून बघा, बसत असेल आणि डोंबिवली-ठाकुर्लीकडे कोणाला हवा असेल तर सांगा, पैसे नकोत. आई म्हणते जांघेला फ्लॅनेल लावूनच देईन.